बाबांचा लॅमिनेट केलेला आहार

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
बाबांना नागपूरहून घरी आणून आज आठवा दिवस. बायपास झाली. शुगर पंधरा वर्षांची. डॉक्टर म्हणाले, छातीचं ठीक आहे, पण पायातली शीर काढली तिथली जखम शुगर उतरल्याशिवाय भरणार नाही. आणि हातात डायट चार्ट दिला. ब्रोकोली, अक्रोड, ऑलिव्ह ऑइल! लिहिणाऱ्याला एकदा बोरी अरबच्या बाजारात पिशवी घेऊन उभं केलं पाहिजे.
चार्ट मीच बनवणार. परवडणारा. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, मेथी, जवसाची चटणी. महिनाभरात बाबा शेतापर्यंत चालत जातील. लिहून ठेवतो.

१३ जानेवारी
चार्ट तयार. झेरॉक्सचं दुकान स्वतःचंच. कलर प्रिंट, लॅमिनेशन, बाबांच्या खाटेवरच्या भिंतीला लावला. फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कमी खर्चात मजबूत हार्ट, पाहायला घरी या. एक्केचाळीस अंगठे.
अपेक्षा म्हणाली, लोकायले कायले बोलावता, बाबायले आराम पाहिजे. बायकोला नवऱ्याचं कौतुक म्हणून कधी नसतं.
उपाशीपोटी शुगर १६८.

१४ जानेवारी, संक्रांत
घरात तिळगूळ बंद. शेजारून आलेले लाडू जप्त करून दुकानात नेले. दुपारपर्यंत संपले. अन्न टाकवत नाही.
चार्ट पाहायला सहा जण. प्रत्येकाला सगळं समजावून सांगितलं. आलेला माणूस चहाशिवाय जाता कामा नये, हे अपेक्षाला बजावलं. बाबांचा चहा वेगळ्या भांड्यात, बिनसाखरेचा. चार्टमध्ये लाल अक्षरात आहे.
एक मात्र मानलं. आपली माणसं हावरट नाहीत. भरला कप कोणी घेत नाही. येवढा नाही लागत म्हणतात, अर्धा बशीत काढतात, मग तोंडाला लावतात.

१६ जानेवारी
१९४. अशक्य. मशीन खराब.

१८ जानेवारी, रविवार
शेजारी राहणाऱ्या उकंडा नावाच्या माणसाचं शुगरचं मशीन आणलं. आपल्यावर २२१, त्याच्यावर २२३. दोन्ही खराब.

२० जानेवारी
संशय भाकरीवर. दोनाची एक केली. बाबा म्हणाले, बैलाले याच्याहून जास्त टाकतो मी. मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. टाके पडलेल्या माणसावर ओरडलो, याचाही राग आला.
खरा राग वेगळाच आहे. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. ऑपरेशनला त्यांना आत नेलं तेव्हा मी खाली टपरीवर तर्री-पोहे खात होतो. धावत वर आलो तर दार बंद. नर्स म्हणाली, गोपाल कुठी गेला, असं विचारत होते.

२२ जानेवारी
अपेक्षा म्हणाली, साखर पुन्हा संपली, जरा माणसं कमी करा. मी म्हणालो, इथे माणसाच्या जिवाचं चाललंय आणि तुला किराणा सुचतो. मोहिउद्दीन चाचा चौथ्यांदा येऊन गेले. बाबांचे जुने दोस्त. चार्ट त्यांचा पाठ झाला असेल.

२४ जानेवारी
२६८. जखमेला पाणी सुटलं. घरात कोणीतरी बाबांना चोरून गोड देतंय. स्वयंपाकघराच्या फडताळाला कुलूप. चावी माझ्या खिशात. साखर आता मी मोजून काढून देणार, फक्त पाहुण्यांपुरती. अपेक्षानं बोलणं बंद केलं. करू दे. शिस्त कोणालाच आवडत नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदनावरून अकरा जण थेट आमच्याकडे. जवसावर पंधरा मिनिटं बोललो. टाळ्या. बाबा थकलेले दिसले. म्हणजे वरणाचं प्रमाण पुन्हा पाहावं लागेल.

२७ जानेवारी, मंगळवार. यवतमाळ, दवाखाना
३१२. जखम पिकली. भरती केलं.
डॉक्टरांनी माझ्या मोबाइलवर चार्टचा फोटो वाचला. चांगला आहे म्हणाले. मी अपेक्षाकडे पाहिलं. मग त्यांनी बाबांना विचारलं, याशिवाय काय घेता? काहीच नाही. चहा? बिनसाखरेचा, एक कप. अन् बशीतला, बाबा म्हणाले. बशीतला किती? बाबा बोटं मोजायला लागले. दोन्ही हात संपले.
आलेला माणूस अर्धा चहा बशीत काढून बाबांपुढे सरकवतो. बाबांनी बशी उचलल्याशिवाय तो कपाला हात लावत नाही. बाबांच्या, म्हणजे रामरावांच्या घरी पाहुणा एकटा चहा पीत नाही. आजवर प्यालेला नाही.
मी दवाखान्यातच ओरडलो, मला सांगितलं का नाही! बाबा म्हणाले, तू तं तिथंच उभा राहत होता ना. भिंतीकडे तोंड करून, चार्ट दाखवत.
अपेक्षा म्हणाली, मी सांगतलं होतं. दोनदा.
बाबांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. म्हणाले, अन् सकाळचा पहिला अर्धा तुह्याच कपातला राहे.

२८ जानेवारी
पहाटेच्या एसटीनं कपडे आणायला घरी गेलो. चार्ट ओढून काढला. फाडायला गेलो. फाटत नाही, लॅमिनेशन पक्कं केलंय. पिठाच्या डब्याखाली घातला. दवाखान्यात परत आल्यावर कुलपाची चावी अपेक्षाच्या हातात दिली. तिनं ती पदराला बांधली आणि बाबांचं पांघरूण सारखं केलं.
दुपारी बाबांना जखम साफ करायला आत नेलं. पाय वाचतो की कापावा लागतो, ते आठ दिवसांनी सांगणार. या वेळी मी दारातच उभा होतो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. बाबांनी स्ट्रेचरवरून हात धरला. विचारलं, चहा घेतला काय?
नाही म्हणालो.
घेऊन ये खालून, म्हणाले. अर्धा मले ठेवजो.