छतापर्यंत टाइल्स

दादा,

आईला अंघोळीसाठी समोरच्या काकूंकडे घेऊन जातेय. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे.

टाइलवाला आला की सांग, छतापर्यंत टाइल्स फक्त शॉवरच्या कोपऱ्यात. बाकी कमरेएवढ्या पुरेत. बाथरूमच्या दाराजवळच्या भिंतीचा रंग उडालाय, तो तू म्हणतोस तसा ओलीने नाही. आई रोज तिथेच हात टेकून आत-बाहेर करते. गुळगुळीत टाइलवरून ओला हात सटकतो, म्हणून मी तिथे धरायला दांडा बसवायला सांगितलं होतं. तर टाइलवाला म्हणतो, "साहेब नको म्हणाले. दवाखान्यासारखं दिसतं, घर बघायला आलेलं गिऱ्हाईक नाक मुरडेल."

म्हणजे बाथरूम गिऱ्हाइकासाठी चाललंय. आणि मी वेडी, सगळ्यांना सांगत सुटले की दादाला आईची किती काळजी.

आईसुद्धा काल काकूंना तेच सांगत होती. माझा मुलगा माझ्यासाठी एवढा खर्च करतोय म्हणून. मी मान खाली घालून भाजी निवडत बसले.

आम्ही येईपर्यंत दांड्याचं टाइलवाल्याशी बोलून ठेव. घर विकायचंय, ते आईशी तूच बोल. माझ्या तोंडून तिला ते कळणार नाही.