सातही इंडेक्स राहतील

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.
साहेबांनी आमच्या काडेपेटीएवढ्या यंत्राचा डेटाबेस माझ्याकडे दिला. पेशंटच्या छातीवर बांधायचं, प्रत्येक ठोका त्यात लिहिला जातो. डॉक्टर नंतर हवा तो क्षण शोधतात. सध्या शोध रडतखडत चालतो. साहेब म्हणाले, एखादा इंडेक्स लावून बघ. एखादा? मी सात लावणार. साहेब थक्क झाले. निदान गप्प झाले.

५ मार्च, बुधवार
डेमो. पापणी लवायच्या आत उत्तर! टाळ्या.
टेस्टिंगवाली तेवढी वाजवेना. मनात मी तिला शंकासुर म्हणतो. नंतर टेबलाशी येऊन म्हणाली, सर, इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची. शोधायला सोपं, पण एक ठोका आला की सातही सूच्यांत लिहावा लागतो. एवढ्याशा यंत्राला धाप लागेल. वेळेचा इंडेक्स ठेवा, बाकी काढा.
बघतो म्हटलं. बघणार नाही.

६ मार्च, गुरुवार
बाबांना जिन्यात घेरी आली. दुसऱ्यांदा. डॉक्टर म्हणाले, घेरीच्या वेळी हृदय काय करतं ते कळल्याशिवाय इलाज ठरवता येणार नाही. त्यांचं जुनं यंत्र पुढे केलं. घरचं असताना परकं कशाला? ही म्हणाली, "तुमचं नीट तपासून झालंय का?" हिचा माझ्यावर विश्वास आहे, फक्त दिसत नाही.
डॉक्टर म्हणाले, जबाबदारी तुमची. अर्थात माझी!

८ मार्च, शनिवार
यंत्र बांधलं. बाबा म्हणाले, चटके बसतात रे. म्हटलं, मेहनत करतंय ते. बाबा जन्मभर शिंपी, लोकांच्या छात्या मोजण्यात हयात गेली. कुरकुर न करता मशीनवर बसले आणि यंत्रासाठी अस्तराची पिशवी शिवून घेतली. माप अचूक.

१० मार्च, सोमवार
शंकासुराची ईमेल. हृदय फार वेगाने धावलं की यंत्राला लिहायला उसंत मिळत नाही, ठोके गळतात. मी कळवलं, तुमच्या टेस्टमधलं हृदय अवास्तव धावतं, सातही इंडेक्स राहतील. साहेबांना कॉपी. बरं वाटलं.
घरी पिशवीला हात लावून पाहिला. अस्तरातूनही गरम. दोनेक इंडेक्स काढावेत का? पण सगळ्यांसमोर सात म्हणून बसलोय. उद्या शांतपणे विचार करायचा.

११ मार्च, मंगळवार
विचाराला वेळ झाला नाही. मीटिंगा.

१२ मार्च, बुधवार
बाबा बाथरूममध्ये पडले. कपाळाला टाके. शुद्धीवर आहेत, हिला ओळखलं, मला "आलास का" म्हणाले.
अॅम्ब्युलन्समध्ये त्यांचा हात धरून बसलो होतो आणि डोक्यात आलं, चला, नोंद तर मिळाली. असं यायला नको होतं.

१३ मार्च, गुरुवार
डॉक्टरांच्या खोलीत यंत्र उघडलं. पडले ती वेळ टाकली. उत्तर झटकन आलं. आधी ठोके वाढत गेलेले. वाढले, आणखी वाढले, मग कोरं. पुढची नोंद थेट अॅम्ब्युलन्समधली. नेमकं मधलं नाही. तीनदा शोधलं. तिन्ही वेळा तितकंच झटकन कोरं.
डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "आता पुन्हा घेरी यायची वाट बघायची."
ही बाबांची पिशवी घडी करत बसली.

१४ मार्च, शुक्रवार
टेस्टिंगवालीला फोन केला. सुनावेल असं वाटलं होतं. तिने फक्त बाबा कसे आहेत विचारलं. सहा इंडेक्स काढले. चहा गार व्हायच्या आत झालं.
दुपारी डॉक्टरांनी त्यांचं जुनं यंत्र बाबांना बांधलं. बाबांनी खालच्या आवाजात मला विचारलं, "हे तुझंच का रे?" नाही म्हटलं. त्यांनी सुस्कारा सोडला, कूस बदलली आणि घोरायला लागले.
औषधाची गुंगी असावी.