निवायला ठेवलेला लॅपटॉप

प्रिय थोरल्या,

परवा तुझा फोन आला. तू विचारलंस, "बाबा, धाकट्याचा लॅपटॉप बंद पडलाय का?" मी म्हणालो बघतो, आणि फोन ठेवला. धाकटा गेल्यापासून तू आपणहून केलेला हा पहिला फोन. आई कशी आहे, हे तू विचारलं नाहीस. ती स्वयंपाकघरात होती, माझ्या बोलण्यावरून तिला कळलं तूच आहेस, आणि ती हात पुसत येईपर्यंत आपलं बोलणं संपलंही होतं. असो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात देतो, पण माझ्या पद्धतीने, सावकाश.

तो लॅपटॉप पहिल्यापासूनच तापट. तू नोकरी लागल्यावर त्याला घेऊन दिलास, त्यावर खेळ तूच घालून दिलास, म्हणजे तू तिकडून आणि तो इकडून एकत्र खेळाल. तेव्हा मला त्याचं कौतुक होतं, ते खोटं कशाला सांगू. तो पलंगावर गादीत रुतवून खेळायचा. खालची हवा कोंडायची आणि पंखा असा घोंघावायचा की आई म्हणायची, याला मिक्सरचं काम लावा, निदान चटणी तरी होईल. मी त्याला दोन वाट्या पालथ्या घालून वर ठेवायला शिकवलं. पंपघरात आयुष्य गेलं माझं, मोटर तापली की आधी तिला हवा द्यायची एवढं मला कळतं. तो हसला, पण वाट्या परत स्वयंपाकघरात गेल्या नाहीत.

त्या दिवशी तुम्ही दोघं खेळत होतात. त्याचं यंत्र तापून सारखं अडकत होतं आणि तू त्याच्यावर वैतागलास. तुझा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. "आधी थर्मल पेस्ट आण जा, नाहीतर माझ्याबरोबर खेळू नकोस." यंत्र तापू नये म्हणून आत लावतात तो लेप. तो मला म्हणाला, कोपऱ्यावरच्या दुकानातून येतो, लॅपटॉप बंद करू नका, दादा थांबलाय. पुढचं तुला माहीत आहे. दवाखान्यात त्याच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या, त्यात ती पेस्टची ट्यूब होती. दबलीसुद्धा नव्हती.

तू आला नाहीस. रजा नाही म्हणालास. मी जास्त विचारलं नाही, कारण मला खरं कारण कळत होतं, आणि ते तुझ्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. मी तुला दोष दिलेला नाही. रस्ता ओलांडताना माणूस जातो, त्याला कुणी पाठवलं याला अर्थ नसतो. पण तू न आल्याचा राग मला आहे. तो वेगळा ठेवतो आणि तसाच ठेवणार आहे.

आम्ही लॅपटॉप बंद केला नाही. पडद्यावर त्याचा खेळातला माणूस बर्फात उभा होता, जसा ठेवून गेला तसा. नाक त्याने स्वतःसारखंच बसकं केलंय. काही न करता उभा ठेवला की तो हात चोळतो, खांदे आखडतो, कुडकुडतो. आईने ते पाहिलं. तुला ती माहीत आहे, या घरात टीव्हीला, शिलाई मशीनला, रेडिओला, सगळ्यांना तिने शिवलेली आवरणं आहेत. तिने तिची शाल आणून लॅपटॉपवर घातली, पडदा तेवढा उघडा ठेवून. मी म्हणालो, अगं यंत्र तापेल. ती म्हणाली, त्याला थंडी वाजतेय. ती गेली की शाल काढायचो, पालथ्या हाताने खालून बघायचो, चटका बसेनासा झाला की पुन्हा घालून ठेवायचो. हेच माझं काम झालं होतं.

आणि मग तू आलास. पडद्यावर. लाल टोपडं घातलेला, डोक्यावर 'बोका' लिहिलेलं. ते नाव धाकट्यानेच तुला लहानपणी दिलेलं, त्यामुळे आईला ओळखायला वेळ लागला नाही. तिने मला हाक मारली, "अहो, थोरला आलाय." तू त्याच्या शेजारी उभा राहिलास. काही लिहिलं नाहीस. लाकडं आणून त्याच्यापुढे शेकोटी पेटवलीस, आणि त्याचं कुडकुडणं थांबलं. आईने शाल काढून घडी घातली. पडद्याकडे बघून तुला म्हणाली, वेळेवर जेवत जा. तुला ऐकू गेलं नसेल. फोन तिच्या हाताशीच होता.

मग तू येत राहिलास आणि शेकोटी जळत राहिली. यंत्रही बरं चाललं, कारण शाल नव्हती. नंतर तुझं येणं थांबलं. का, ते तुला ठाऊक. शेकोटी विझली, तो पुन्हा आखडला, आणि आईने शाल घातली, या वेळी दुपदरी. मी बाजारातून परत आलो तेव्हा पडदा काळा होता. तुझा फोन आला तो त्यानंतर. म्हणजे तू पुन्हा तिथे गेला होतास आणि तुला आत जाता येईना. तो खेळ त्याच्याच यंत्रावर चालतो, ते बंद तर तुझं दारही बंद, एवढं मला आता समजतं.

आईला मी सांगितलंय, निवायला ठेवलाय, एवढ्यात लावू नकोस. ती विचारते, निवला का? मी नाही म्हणतो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बंद पडला होता, आता नाही. काल मी त्याचं बूड उघडलं. पंख्यात धुळीची गादी झाली होती, ती ब्रशने काढली. जाळी साफ केली. आतली जुनी पेस्ट वाळून पापडी झाली होती, ती पुसून नवी लावली. नवी म्हणजे त्याने आणलेली, तीच. झाकण लावून सुरू केलं, बराच वेळ चालू ठेवलं, पालथा हात लावला, कोमट. तुझ्यामुळे आणलेली वस्तू कामाला आली, हे तुला कळावं. फक्त तो खेळ उघडताना पासवर्ड मागतो आणि तो तुझ्याकडे आहे. तू फोनवर सांगायला तयार होशील, मला माहीत आहे. मला तो नको. पाठवलास तरी मी घालणार नाही. आई त्या खोलीत तुझी वाट बघत बसायची ती पडद्यासमोर, आता मी तिची खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून ठेवली आहे. तुला त्याच्याजवळ जायचं असेल तर या दारातून ये, तिच्यासमोर बस, आणि तो पासवर्ड स्वतःच्या हाताने घाल.

तुझाच, आणि त्याचाही,
बाबा