उभी राहणारी गोधडी

आदरणीय भाऊसाहेब यांस,

शिंपी मेव्हण्याचा कमरेतून वाकून नमस्कार. (चाळीस वर्षं मशीनवर कंबर वाकलेलीच आहे, तेव्हा वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं खाऊनपिऊन ठीक आहोत. निदान एक जण तरी फारच ठीक आहे, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे. मोठा भाऊ या नात्याने तुम्ही तिचे कान उपटावेत, एवढीच विनंती.

झालं असं, की वर्षभरापूर्वी तुमच्या बहिणीने दुकान झाडता झाडता कात्रणांचं पोतं स्वयंपाकघरात ओढून नेलं. कुणाच्या पॅन्टचा पाय, कुणाच्या बाहीचा तुकडा, अस्तराच्या पट्ट्या. मला वाटलं, पुसणी करायची असतील. आठवड्याने बघतो तर त्याचे चौकोन कापून धावदोऱ्याने जोडत बसलेली. गोधडी म्हणे! माणसाला काहीतरी छंद हवा (मला नको, मला धंदा आहे), म्हणून मी काही बोललो नाही. तिथेच चुकलं. पहिली गोधडी शेजारच्या मास्तरीणबाईंनी उचलून नेली, दुसरी पोस्टमनने, तिसरीसाठी डॉक्टरीणबाई स्वतः दवाखाना बंद करून आल्या. आता लोक घरातले जुने कपडे पिशव्या भरभरून आणतात आणि माझ्या काउंटरवर ठेवून विचारतात, वहिनी कुठे आहेत? कात्री माझी, दोरा माझा, चिंध्या माझ्या, आणि नाव तिचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

बरं, काम तरी बघण्यासारखं असावं! भाऊसाहेब, तिचे दोन चौकोन एका मापाचे नसतात. चार कोपरे एका ठिकाणी भेटायला हवेत, तर तिचे कोपरे लांबूनच एकमेकांची चौकशी करून निघून जातात. उभा धागा, आडवा धागा, कशाचा कशाला पत्ता नाही. मी उमेदवारीत असे टाके घातले असते, तर उस्तादांनी लाकडी गज माझ्या पाठीवर मोडला असता. आणि लोक काय म्हणतात? म्हणतात, ऊब आहे. आता ही ऊब कुठल्या टेपने मोजायची ते मला कुणीतरी सांगावं. परवा बँकेचे मॅनेजर कोट घालून बघायला आले. खांदा असा काही बसला होता, की मलाच भरून आलं. त्यांनी आरशात पाहिलं, हं म्हणाले आणि कोट अंगात तसाच ठेवून स्वयंपाकघरात डोकावले. त्यांच्या आईच्या जुन्या साड्यांची गोधडी तयार होती. ती छातीशी धरून हा एवढा थोरला माणूस रडला, तेही माझ्या नव्या कॉलरवर. चाळीस वर्षांत माझ्या शिलाईवर कुणी रडलं नाही. (एक जण रडला होता, पण तो पॅन्ट आखूड झाली म्हणून.)

खरं सांगू? जळतो मी. चांगला करपेपर्यंत जळतो. नवऱ्याने बायकोच्या कौतुकावर जळू नये हे मला कळतं, पण वळत नाही. आळीत घरोघरी तिच्या गोधड्या, आणि आमच्या पलंगावर मात्र तेच टोचणारं ब्लँकेट. डोक्यावर घ्यावं तर पाय उघडे, पाय झाकावेत तर डोकं. पिकतं तिथे विकत नाही, हे ठीक. पण पिकतं तिथे निदान चाखायला तरी मिळावं की नाही?

शेवटी मी ठरवलं, की या आळीला एकदा गोधडी म्हणजे काय ते दाखवायचंच. लागोपाठ तीन सुट्ट्यांच्या दुपारी दार लावून बसलो. खडूने आखून सहा-सहा इंचांचे एकशे चाळीस चौकोन कापले. प्रत्येकाला सारखी शिलाईची माया ठेवली. एकूण एक कोपरा जुळवला. (भिंग घेऊन या आणि बघा.) मग विचार आला, की हे सगळं अंथरल्यावर लोळागोळा होणार आणि कोपरे दिसणारच नाहीत. कोटाच्या छातीला आपण कॅनव्हास घालतो, कॉलरला बकरम घालतो, कशासाठी? आकार टिकावा म्हणून. तेव्हा आत पूर्ण कॅनव्हास घातला, कडेने दुहेरी बकरम घातलं, आणि पाणी मारून कडक इस्त्री केली. मग तुमच्या बहिणीला बोलावून गोधडी खाली ठेवली. ती पसरलीच नाही. उभी राहिली. तुमची बहीण तिच्याभोवती एक चक्कर मारून आली, बोटाने टकटक करून पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, “छान झाली आहे हो. आत कुठून जायचं?”

सध्या ती गोधडी दुकानाच्या कोपऱ्यात उभी आहे, आणि गिऱ्हाइकं तिच्यामागे जाऊन पॅन्ट घालून बघतात. आडोसा मजबूत आहे, असं सगळेच म्हणतात. इतकी अब्रू गेल्यावर मी तुम्हाला हात जोडून सांगतो, तिला चार खरमरीत ओळी लिहा. म्हणावं, हे शिवणकाम आता पुरे.

तुमचा,
शिंपी मेव्हणा

ता. क. खरमरीत नका लिहू. साध्याच लिहा. तिचे डोळे अलीकडे लवकर भरतात.

ता. क. दुसरं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. शिवणकाम पुरे असं लिहूच नका. मास्तरीणबाई झाल्या, पोस्टमन झाला, बँक झाली. मला एक गोधडी हवी आहे. एकट्याच्या मापाची चालेल, कोपरे जुळले नाहीत तरी चालेल. मी मागितली असं मात्र कळू देऊ नका. तुम्हालाच आपलं सहज सुचलं, असं लिहा.

ता. क. तिसरं. डिंक संपला आहे, म्हणून पाकीट उघडंच तिच्याजवळ पोस्टात टाकायला देतो आहे. काळजी नसावी. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

दादा, मी वाचलं. माझं बरं चाललंय, तू गुडघ्याला जप. लग्न झालं त्याच महिन्यात मी यांच्याकडे ब्लाउजसाठी एक निळा तुकडा दिला होता. म्हणाले, गिऱ्हाइकांचं उरकलं की शिवतो. चौतीस वर्षं झाली. गेल्या वर्षी झाडताना तो त्या कात्रणांच्या पोत्यात तळाशी सापडला, घडीसकट. मी कापलेला पहिला चौकोन त्याचाच. यांची गोधडी मी करणार आहे. तू यांना कळव, गिऱ्हाइकांचं उरकलं की शिवते.