भुऱ्याच्या आधी दोन घास

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तू असताना तुझ्या पत्राला कधी वेळेवर उत्तर दिलं नाही, आता लिहून कुठे धाडणार? पण आज तुझा शेजारी गणू आला. तुझ्या शेतावरची नवी नागली डोक्यावर घेऊन खोडाळ्याहून थेट जव्हारला. गाठोडं ओटीवर ठेवलं आणि म्हणाला, "बाय, दादा बोलला व्हता, औंदा नवं गोदीच्या घरी खाईन. म्हणून घेऊन आलो." मग मला राहवेना. अक्षरं तूच गिरवून घेतलेली आहेत, वाकडी आली तर बोलू नकोस.

नवं खायच्या आत येतो, असंच म्हणाला होतास ना रे? गौरी-गणपती नुकते झाले होते. गाडी दारात उभी, तू खोकून खोकून वाकलेला. डहाणूला जाऊन आगगाडी धरायची, मुंबईच्या इस्पितळात छाती दाखवायची. आणि काळजी कसली, तर कुत्र्याची! "पाड्यावर एकला ठेवला तर बिबट्या उचलंल गो त्याला. मी येईस्तवर सांभाळ," म्हणालास आणि भुऱ्याची दोरी माझ्या हातात दिलीस. "आमचा एक मोतीच पुष्कळ झाला," मी म्हटलं. तू खोकता खोकता हसलास. गणूनं तुला धरून गाडीत बसवलं आणि तोही सोबत चढला.

सासूबाई म्हणाल्या, "माहेरचा पाहुणा आलाय गं तुझा. त्याला आधी वाढ." त्यांनी थट्टेनं म्हटलं, पण मी ते मनावर घेतलं. तव्यावरची पहिली भाकरी ताकात कुस्करून भुऱ्याच्या परळात. मोतीचा परळ शेजारीच, त्याला उरलंसुरलं. मोती गुरगुरायचा, मी त्याला दटावायची. आणि तुझा भुऱ्या? परळाकडे बघायचा नि मान फिरवून माझ्याकडे बघत बसायचा. तेवढ्यात मोती स्वतःचं संपवून त्याचंही फस्त करायचा.

असं रोजचं झालं. आमचा मोती माजला आणि पाहुण्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. तू येऊन त्याला असा बघितलास तर काय म्हणशील, याच विचारानं माझा जीव थोडा थोडा व्हायचा. सासूबाईंनी मीठमिरच्यांनी त्याची दृष्ट काढली. कचेरीतून आल्यावर घरात चार शब्द न बोलणारे आमचे हे, तेसुद्धा बाजारातून सुकट घेऊन आले. भाकरीवर घातली. भुऱ्यानं वास घेतला नि बाजूला झाला!

मग एकदा मोती कुठे तरी उंडारायला गेला होता. भुऱ्याचा परळ तसाच भरलेला. सगळ्यांची जेवणं उरकून मी मागच्या दारी माझी भाकरी खाल्ली, हात धुतले, पाणी झटकलं. आणि हा उठला, शांतपणे परळापाशी गेला आणि जेवायला लागला. मी तोंडावर हात ठेवून बघतच राहिले.

एवढी एक गोष्ट सांगायला काय झालं होतं रे तुला? आधी मालकानं जेवायचं, हात धुवायचे, मग यानं तोंड लावायचं, अशी शिस्त लावून ठेवलीस आणि मला पत्ता नाही! मी त्याला पाहुणा म्हणून आधी वाढत होते आणि तो माझ्यासाठी थांबत होता. मी पडले घरातली सून, सगळ्यांच्या शेवटी जेवणारी.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तर मग तू आधी जेवत जा. कुत्र्याला उपाशी मारायचंय का?" दादा, या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा ताज्या भाकरीला बसले, ती तुझ्या कुत्र्यामुळे! तू आलास की हे तुला सांगून खूप हसायचं, असं मनात ठेवलं होतं.

तू आला नाहीस. गणू एकटाच आला, हातात तुझी घोंगडी. "लई धाप लागली, बाय. तुझं नाव घेतलं नि गेला." अग्नीही तिकडेच दिला म्हणे. मला तुझं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. असं जातात का रे कुणी?

माझ्या घशाखाली घास उतरेना. ताट यायचं, तसंच परत जायचं. ह्यांनी समजावलं, शेजारणींनी समजावलं. भुऱ्या घोंगडीपाशी बसून माझ्याकडे बघायचा. त्याचाही परळ तसाच. सासूबाईंनी ताट पुन्हा माझ्यापुढे सरकवलं. "माझ्यासाठी नको जेवूस. त्या मुक्या जिवासाठी तरी दोन घास खा. तुझ्या भावानं तुझ्या हातात दिलाय तो."

तेव्हा मला आपलं घर आठवलं. आई गेल्यावर मी जेवणावर रुसून बसायची. तू भाकरी पुढ्यात घेऊन तसाच बसायचास. "तू जेव, मंग मी." दिवसभर शेतात राबून आलेला तू, आणि मी मेली हट्टी! भुऱ्याला हे तू शिकवलंस, की तुझं बघून तोच शिकला?

दोन घास खाल्ले. हात धुतले. तो उठला आणि जेवला. मी पदर तोंडात धरून रडले.

भाऊबीजेला सासूबाई म्हणाल्या, "चंद्राला ओवाळ, भाऊ नसला की तसंच करतात." मी नाही ओवाळलं. चंद्र काय माझा रुसवा काढायला बसला होता?

आज गणूनं आणलेली नागली दळली, भाकरी केली. आपल्या रीतीप्रमाणे घरात कुणी नवं तोंडात घालायच्या आधी गेलेल्या माणसाचं, म्हणून तुझं, पान मांडलं, अंगणात, पळसाच्या पानावर. भुऱ्या येऊन पानासमोर बसला. मोती आला तशी मी धास्तावले, हा हावरट आता पानावर झडप घालणार. पण दादा, तो भुऱ्याच्या शेजारी जाऊन बसला. दोघं तसेच बसून राहिले. तू येशील, जेवशील, हात धुशील, म्हणून. गणूनं तोंड फिरवलं.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "तो यायचा नाही गं आता. त्याच्या पानातलं तूच खा." मी खाल्लं. हात धुतले, पाणी झटकलं. आधी भुऱ्या उठला, मग मोती.

तर ऐक. भुऱ्या आता पाहुणा नाही, या घरचाच आहे. आणि मी जेवत जाईन. रुसले तरी, तुझी आठवण येऊन रडू फुटलं तरी, रोज वेळेवर जेवेन. भुऱ्या आहे तोवर आणि त्याच्यामागेही. तिकडे माझ्यासाठी भाकरी पुढ्यात घेऊन बसून राहू नकोस.

मी जेवले रे. आता तू जेव.

तुझी,
गोदी