मदतीशिवाय

राहू, ता. ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय कृपाताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझी प्रश्नावली भरून यांच्याबरोबर पाठवते आहे. उद्या हे शेवंती घेऊन शिरूरला येतील, तेव्हा दवाखान्यात देतील. फोन केला असता, पण पहिल्याच मिनिटाला कुणीतरी मॅडम म्हणून हाक मारतं आणि तू फोन ठेवतेस. पत्रात तरी माझं ऐकून घ्यावं लागेल.

अठ्ठावीस प्रश्न म्हणजे पुन्हा दहावीला बसल्यासारखं वाटलं. आमची लेक एस्तेर जिना चढते का, असं विचारलंय. आमच्या घराला जिनाच नाही, तसं बाजूला लिहिलंय. बटणं लावणं, ग्लासनं पाणी पिणं, हातानं जेवणं, या सगळ्यांपुढं 'मदतीशिवाय' अशी खूण केली. करताना फार बरं वाटलं गं. तिच्या जनुकातच दोष आहे, एकेक गोष्ट सुटत जाईल, असं डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. चालणं सुटलं, पण हात राहिले. शेजारच्या सोजराबाई तर म्हणतात, पोरगी आता लई गुणाची जेवती, सांडीत बी न्हाई.

मुलांना पापा. आमच्यावर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लिडिया

शिरूर, ता. १२ नोव्हेंबर

चि. लिडियास,
अनेक आशीर्वाद.

रॉनी पाकीट देऊन गेले, फुलंही पोचली. जिन्याचं लिहिलंस ते बरं केलंस. बाहेरून आलेले प्रश्न आपल्या घरांत चालतात का आणि आईची उत्तरं तपासणीशी जुळतात का, हे पारखून घेणं हेच आमचं काम आहे. जिन्याऐवजी आता उंबऱ्याचं विचारायचं ठरतंय.

पुढचं वाचून रागावू नकोस. मागच्या महिन्यात एस्तेरला तपासलं, तेव्हा व्यायामाच्या बाईंनी तिच्या हातात रिकामी वाटी दिली होती. ती तिला छातीपर्यंतही उचलता आली नाही. तू बाहेर रांगेत होतीस. मी समोर होते आणि तुला सांगायचा मला धीर झाला नाही. आमच्या सरांना वाटतं, आयांना प्रश्न कळत नाहीत. मला तसं वाटत नाही, आणि तू खोटं लिहिणार नाहीस हेही मला ठाऊक आहे.

एक कर. ती जेवत असताना तुझा हात कुठं कुठं लागतो ते नुसतं बघ, मग सोबतचा कोरा फॉर्म भर. उद्या एखादं औषध आलंच, तर त्यानं मुलांचं काय राखलं हे या उत्तरांवरूनच कळणार आहे.

एस्तेरला माझा मुका. माझ्यावर रुसलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी ताई,
कृपा

राहू, ता. २० नोव्हेंबर

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

दोन दिवस तुझा फार राग आला. मी कुठं मदत करते, असं मनात तुझ्याशी भांडत होते. मग शनिवारी दुपारी भात कालवून ताट तिच्यापुढं ठेवलं आणि स्वतःकडं बघत बसले. माझा हात आपोआप तिच्या कोपराखाली गेला. घासावर तिची बोटं मीच मिटत होते, हात मीच वर नेत होते. तोंड उघडणं तेवढं तिचं होतं. पदर सावरावा तसं हे सगळं होत होतं, ते मदत म्हणून मी कधी धरलंच नव्हतं.

रविवारी चर्चहून आल्यावर पाण्याचा ग्लास तिच्यापुढं ठेवला आणि माझे दोन्ही हात मांडीखाली दाबले. तिनं ग्लासकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रडली नाही, मागितलंही नाही, नुसती वाट बघत राहिली. मला बघवेना. हे दारात उभे होते, शेवटी त्यांनीच येऊन तिला पाणी पाजलं.

फॉर्म सोबत आहे. हातांच्या सगळ्या प्रश्नांपुढं 'पूर्ण मदतीने' अशी खूण केली आहे. खाली मात्र, हे केव्हापासून जमेनासं झालं, असं विचारलंय. तिथं मला काही लिहिता आलं नाही, तुमच्या सरांना तेवढं समजावून सांग. तिचा हात ज्या दिवशी थांबला, त्या दिवशीही माझा हात त्याच्याखाली होता. त्यामुळं मला ते कळलंच नाही.

राग गेला आहे. माया ठेव.

तुझी,
लिडिया