सिंहाचं नाक

सातारा, ४ नोव्हेंबर २०२४

ती. राहीअक्कास धाकट्या मानसिंगचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू डब्यात जपून ठेवतेस, म्हणून हे पत्र. माझं जपानी वेड तुला ठाऊकच आहे. तिकडच्या जुन्या तलवारींच्या मुठीवरचे नक्षीदार तुकडे मी जमवतो. लोक तलवारी जमवतात आणि आमचे हे तलवारीची बटणं, असं चंद्रा पाहुण्यांना सांगत असते.

आजोबांनी ब्रह्मदेशाच्या लढाईतून जपानी तलवारीची नुसती मूठ आणली होती. तिच्यावर बोटाच्या पेराएवढे दोन तांब्याचे सिंह होते. एक माझ्याकडे आहे. दुसरा मिळाला, तर डिसेंबरात पुण्याच्या प्रदर्शनात जोडी मांडता येईल, खाली आजोबांचं नाव लिहून. वर्षभर त्याच्यासाठी धडपडतोय. तुझ्या ट्रंकेत बघ ना. सापडला तर धुऊ मात्र नकोस. वरचा काळा थर म्हणजेच त्याचं वय.

तुझ्या रागालोभाचा हक्कदार,
मानसिंग

सांगली, ९ नोव्हेंबर

चि. मानसिंगास अ. उ. आ.

तुझा सिंह ट्रंकेत नाही, माझ्या देव्हाऱ्यात आहे. लग्नात आजीनं तो ओटीत घातला आणि देवीचा सिंह हाय, जप म्हणाली. सेहेचाळीस वर्षं जपलाय. दर शुक्रवारी चिंच लावून घासते, नव्या भांड्यासारखा लखलखतो. थर कसला घेऊन बसलास? हे वाचून घेरी आली, तर चंद्राला तोंडावर पाणी मारायला सांग.

आणि देव काही प्रदर्शनाला जात नसतो. दाजींनी सोबत हळद दिलीय, ती तरी जपानी नाही.

आशीर्वाद आहेत, हट्ट पुरवीनच असं नाही.
राहीअक्का

सातारा, १४ नोव्हेंबर

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

घेरी आली होती, चहावर निभावलं. तुझ्या नातीनं, अंकितानं, फोनवर सिंहाचा फोटो पाठवला. माझ्या सिंहाला आयाळ आहे, डोळे आहेत, चांगलं फुगीर नाक आहे. तुझ्याला नाकच नाही! पुण्याचे जाणकार म्हणतात, ही जोडी वाटतच नाही. अगं, चिंचेनं थर जातो, नाक जात नाही. रोज असं काय मागत होतीस त्याच्याकडे?

तरीही दोन दिवस दे. लाल कापडात गुंडाळून नेईन, हळदकुंकू वाहीन. आजोबांचं नाव एकदा तरी लोकांनी वाचावं, एवढंच आहे बघ.

नाक मुठीत धरून,
मानसिंग

सांगली, १९ नोव्हेंबर

चि. मानसिंगास अ. उ. आ.

काय मागत होते, ते विचारलंस म्हणून सांगते. तू कारगिलला होतास, तेव्हा महिनाभर तुझं पत्र नव्हतं. टीव्हीवर बातम्या लागल्या की मी त्याला मुठीत धरून बसायची. अंगठा आपला त्याच्या तोंडावरून फिरत राहायचा. दाजी म्हणायचे, सोड गं त्याला, गुदमरेल. मी नाही सोडला. लय भ्याले होते रे.

पत्र आलं तेव्हा मूठ उघडली, तर नाक सपाट झालेलं. पुढंही तुझी बदली झाली की तेच. म्हटलं जाऊ दे, त्याचं गेलं तर गेलं, माझ्या भावाचं शाबूत आलंय.

आजोबांचं नाव लागणार असेल तर ने दोन दिवस. पण स्वतः ये, आणि दोन्ही वेळा नैवेद्य दाखव. जाणकार हसले तर हसू देत.

तुझी वाट बघणारी,
राहीअक्का

सातारा, २३ नोव्हेंबर

ती. अक्का,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. चंद्रानं तुझं पत्र दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटायचं, कारगिलमधून मी नशिबानं वाचलो.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं दोघंही येतोय. तुझा सिंह न्यायला नाही, माझा तुझ्याकडे ठेवायला. प्रदर्शनवाल्यांना नाही म्हणून कळवलं. आजोबांच्या नावाची पाटी तयार आहे, ती तुझ्या देव्हाऱ्याखाली लावू. येणारे-जाणारे वाचतील.

माझ्या सिंहाला अजून नाक आहे. चिंच भिजत घाल.

तुझा,
मानसिंग